‘पाठवले’ ते ‘पोचले’

आज सकाळपासून आपल्या मोबाइलवर आलेले ईमेल एकदा चाळून पाहा. बँकेचा खातेउतारा, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, मुलांच्या फीची पावती, रक्ततपासणीचा अहवाल. यांतले एकही पत्र कुणा माणसाने बसून लिहिलेले नाही. कुठल्या तरी डेटाबेसमध्ये एक नोंद पडली, तिच्यावरून यंत्राने मजकूर तयार केला आणि मेल सर्व्हरच्या हाती दिला. हा सगळा व्यवहार आपल्याला दिसत नाही. तो बिघडला तरीही दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. न आलेले पत्र आले नाही हे कळायला, ते येणार होते हे आधी ठाऊक असावे लागते.

स्मरणिकेसाठी आपापल्या क्षेत्राबद्दल लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. माझ्या नोकरीतला बराच काळ अशी अडकलेली पत्रे शोधण्यात गेला आहे. म्हणून या अदृश्य टपालखात्याचा थोडा इतिहास लिहीत आहे. त्यात गोष्ट एकच आहे. ‘पाठवले’ आणि ‘पोचले’ या दोन शब्दांमध्ये केवढे अंतर असते आणि ते कमी करण्यासाठी लोकांनी काय काय केले, याची ती गोष्ट.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले ईमेल १९७१ मध्ये गेले. अमेरिकेत केंब्रिज येथील बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन हे अभियंते अर्पानेट या जाळ्यावर काम करत होते. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह ठेवण्याची कल्पना त्यांचीच. आपण आजही पत्ता तसाच लिहितो.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातला आहे आणि माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने तो फार गमतीचा आहे. तिथे मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांच्या मार्गदर्शनाखाली ‘इंग्रेस’ हा डेटाबेसचा प्रकल्प चालू होता. आजच्या अनेक डेटाबेसचे मूळ त्यात सापडते. अर्पानेटची जोडणी याच प्रकल्पाच्या संगणकावर होती. साहजिकच विद्यापीठातले इतर लोक त्या संगणकावर खाते मागू लागले. प्रकल्पात काम करणाऱ्या एरिक ऑलमन या तरुणाच्या लक्षात आले की या सगळ्यांना खरे तर फक्त ईमेल हवे आहे. तेव्हा सगळ्यांना आत घेण्यापेक्षा पत्रेच त्यांच्या यंत्रांपर्यंत नेऊन पोचवणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला. १९७९ च्या सुमाराचा हा ‘डिलिव्हरमेल’. त्यातूनच पुढे ‘सेंडमेल’ तयार झाला आणि १९८३ पासून बर्कलेच्या युनिक्सबरोबर जगभर पसरला. म्हणजे मेल सर्व्हरचा हा पूर्वज डेटाबेसच्याच घरात जन्मला. पत्रांचे काय झाले याची नोंद राहावी म्हणून ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ ही पद्धतही तयार केली. आज जगातले असंख्य सर्व्हर आपली रोजनिशी त्याच धर्तीवर लिहितात. बिघाड शोधणाऱ्यासाठी ती रोजनिशी हाच पहिला साक्षीदार असतो.

दोन मेल सर्व्हरनी एकमेकांशी कसे बोलावे याचा नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिला. त्याचे नाव एसएमटीपी. हा संवाद वाचला की दोन शिष्टाचारी कारकुनांची आठवण येते. पलीकडचा सर्व्हर २२० म्हणतो, म्हणजे ‘मी हजर आहे’. अलीकडचा ‘हेलो’ म्हणतो. प्रत्येक आज्ञा चारच अक्षरांची असावी म्हणून इंग्रजी हॅलोमधला एक एल त्यात गाळला आहे. मग ‘पत्र कुणाकडून’, ‘पत्र कुणाला’, ‘मजकूर घ्या’ अशा आज्ञा एकामागून एक जातात आणि प्रत्येकीला आकड्यात उत्तर येते. मजकूर संपला की एका ओळीत एकच टिंब पाठवायचे. त्यावर २५० हे उत्तर आले की व्यवहार पुरा.

या आकड्यांतला पहिला अंक फार बोलका आहे. २ म्हणजे ठीक. ४ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या’. ५ म्हणजे ‘नाही म्हणजे नाही’. बिघाड शोधताना ४ आणि ५ यांतला फरक ज्याला कळला त्याचे अर्धे काम झाले. ४ आल्यावर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे असतात. किमान चार-पाच दिवस हार मानू नये, असे १९८९ च्या नियमावलीत सांगितले आहे. ५ आल्यावर मात्र दार ठोठावत बसण्यात अर्थ नाही. पत्र मूळ पाठवणाऱ्याकडे कारणासह परत पाठवायचे.

आणि २५० चा अर्थ? इथेच बहुतेकांची गल्लत होते. २५० म्हणजे पत्र वाचले गेले असे नाही, माणसाच्या पेटीत पडले असेही नाही. ‘हे पत्र मी माझ्या जबाबदारीवर घेतले’, एवढाच त्याचा अर्थ. आता पुढे पोचवणे, आणि पोचवता आले नाही तर तसे कळवणे, ही त्या सर्व्हरची जबाबदारी. शेवटचे टिंब पाठवल्यावर २५० येण्याआधीच तार तुटली तर काय, असा प्रश्न क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ मध्ये एका टिपणात मांडला होता. पाठवणाऱ्याला कळतच नाही की पत्र घेतले गेले की नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो आणि घेणाऱ्याला एकच पत्र दोनदा मिळते. पत्र हरवण्यापेक्षा दोनदा गेलेले बरे, हे या व्यवस्थेचे जुने धोरण आहे. बँकेचा एकच मेल आपल्याला कधी दोनदा येतो, त्यामागे हे कारणही असू शकते.

आपल्याकडे ही गोष्ट सुरू झाली ती एर्नेट या शैक्षणिक जाळ्याने. १९८६ मध्ये तो प्रकल्प सुरू झाला. आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांच्याबरोबर मुंबईतल्या जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात होती. त्यातले सुरुवातीचे ईमेल एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, टेलिफोनच्या तारेवरून ये-जा करत. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममुळे. आपण शाळेत होतो तो हाच काळ. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला ईमेल पत्ता मात्र शाळा सुटल्यानंतरचा, सायबर कॅफेत बसून काढलेला.

कंपन्यांमध्ये तोवर डेटाबेसनी पत्रे पाठवायला सुरुवात केली होती. सुरुवातीची रीत साधी होती. रात्री ठरलेल्या वेळी एक प्रोग्राम चालायचा, डेटाबेसमधून यादी काढायचा आणि प्रत्येक नावासाठी सेंडमेलला हाक मारायचा. पुढे डेटाबेस स्वतःच पत्रे पाठवू लागले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसक्यूएल मेल’ होते. त्यासाठी सर्व्हरवर आउटलुकसारखा माणसांसाठी बनवलेला मेलचा प्रोग्राम बसवावा लागे. तो डेटाबेसच्या अंगातच चाले, त्यामुळे मेल अडकले तर डेटाबेसलाही त्रास. २००५ च्या आवृत्तीत त्याऐवजी ‘डेटाबेस मेल’ आले. ते वेगळ्या प्रक्रियेत चालते, थेट एसएमटीपी बोलते आणि मधे रांग ठेवते. जुने एसक्यूएल मेल २०१२ च्या आवृत्तीतून काढूनच टाकले.

या नव्या सोयीतले एक वाक्य मला आवडते. पत्र पाठवण्याची आज्ञा दिली की उत्तर येते, ‘मेल क्यूड’. म्हणजे पत्र रांगेत लावले. ‘पाठवले’ असे ते म्हणत नाही. ज्याने हे लिहिले त्याने प्रामाणिकपणे लिहिले. पुढे तक्त्यात त्या पत्रासमोर ‘सेंट’ अशी नोंद होते, तिचा अर्थही पहिल्या मेल सर्व्हरने २५० म्हटले, इतकाच असतो. पण कार्यालयात बसलेला माणूस तो शब्द वाचतो आणि समजतो की पत्र पोचले.

ऑरेकलमध्येही अशीच सोय आली. तिच्यामुळे एक वेगळा पेच उभा राहिला. डेटाबेसमध्ये एखादा व्यवहार अर्धवट राहिला तर तो मागे घेता येतो. जणू झालाच नाही. पण मेल मागे घेता येत नाही. नोंद पडताक्षणी पत्र जावे अशी रचना कुणी केली आणि नंतर व्यवहार मागे घेतला, तर पैसे जमा न होताच पावती गेलेली असते. उलट मेल सर्व्हर बंद असेल तर पत्र न गेल्यामुळे चांगली नोंदच अडते. यावरचा उपाय अनुभवातून ठरला. आधी व्यवहार पक्का करायचा, पत्राची नोंद एका वेगळ्या तक्त्यात ठेवायची आणि दुसऱ्या प्रोग्रामने तिथून सावकाश एकेक पत्र उचलायचे.

आपल्या भाषेचाही या इतिहासात एक कोपरा आहे. १९८२ चा नियम फक्त सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी होता. इतर लिप्या आणि जोडलेल्या फाइली पाठवण्याची सोय ‘माइम’ या पद्धतीने १९९२ मध्ये झाली. तरीही ऑरेकलच्या एका नेहमीच्या आज्ञेतून मजकूर पाठवला की तो आधी साध्या इंग्रजी अक्षरांत बदलला जातो आणि न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. डेटाबेसमध्ये नाव शुद्ध मराठीत असते आणि पत्रात ‘प्रिय ?????’. मजकूर न बदलता जसाच्या तसा पाठवणारी दुसरी आज्ञा वापरली की प्रश्न सुटतो. पण डेटाबेसच खराब झाला असे समजून लोक दिवसेंदिवस भलतीकडेच शोधत राहतात. दुसरी गंमत उद्गारचिन्हाची. नियमाप्रमाणे एका ओळीत जास्तीत जास्त हजार अक्षरे बसतात. यंत्राने तयार केलेल्या मजकुरात ओळ तोडलेलीच नसेल, तर सेंडमेल ती स्वतः तोडतो आणि तिथे ! ठेवतो. ग्राहक विचारतात, रकमेच्या मधे हे आश्चर्य कशाचे!

पण सगळ्यात मोठा बदल घडवला तो अविश्वासाने. सुरुवातीचे जाळे ओळखीच्या माणसांचे होते. कुणीही कुणाचे पत्र पुढे पोचवत असे, जसे गावाकडे एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा द्यावा. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. नको असलेल्या मेलची सुरुवात तिथून मानतात. १९९० च्या दशकात हा उपद्रव इतका वाढला की कुणाचेही पत्र पुढे नेणारे सर्व्हर काळ्या यादीत जाऊ लागले. १९९८ मध्ये सेंडमेलने परक्यांची पत्रे पुढे नेणे मुळातच बंद ठेवले. त्याच वर्षी स्वतःच्या वापरकर्त्यांकडून पत्रे घेण्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे दार ठरले. २५ क्रमांकाचे जुने दार अनेक इंटरनेट कंपन्या सामान्य ग्राहकांसाठी बंद ठेवू लागल्या.

डेटाबेसनीही दारे लावली. २००७ मध्ये ऑरेकलची ११जी आवृत्ती आली. तिच्यात बाहेरच्या कुठल्या सर्व्हरशी कोण बोलू शकतो याची परवानगी-यादी सक्तीची झाली. आवृत्ती बदलल्यावर काल चालणारी पत्रे आज थांबत आणि पडद्यावर ओआरए-२४२४७ हा आकडा येई. त्या काळात आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना तो आकडा पाढ्यासारखा पाठ होता.

मग ‘पत्र खरेच तुमचे आहे का’ हे तपासणारे नियम आले. कुठल्या सर्व्हरना आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार आहे, हे जाहीर करणारा एसपीएफ २००६ मध्ये. पत्रावर गणिती सही करणारा डीकेआयएम २००७ मध्ये. या दोन्हींत खोट निघाली तर काय करावे हे सांगणारा डीमार्क २०१२ मध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले.

बिघाड शोधण्याबद्दल लिहिताना ट्रे हॅरिस यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. भौतिकशास्त्र शिकवलेल्या आपल्या शिक्षकांना ती नक्की आवडेल. १९९० च्या दशकात ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणक व्यवस्था सांभाळत होते. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा त्यांना फोन आला की आमचे ईमेल ५०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. कुणीही हसले असते. पण विभाग संख्याशास्त्राचा, त्यांनी रीतसर नोंदी ठेवल्या होत्या. हॅरिस यांनी तपासले तर खरेच तसे होते. नवी दुरुस्ती बसवताना सेंडमेलची जुनी आवृत्ती परत आली होती आणि तिला नव्या आवृत्तीच्या सूचना कळत नव्हत्या. त्यामुळे पलीकडच्या उत्तराची वाट किती पाहायची, हा आकडा शून्य झाला होता. प्रत्यक्षात त्या यंत्रावर शून्य म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद. तेवढ्यात प्रकाश साधारण ९०० किलोमीटर जातो. हिशेब ढोबळ आहे, पण कोडे सुटले. मला यातून एक गोष्ट पटली आहे. तक्रार कितीही विचित्र वाटली तरी तिला आधी पुरावा मानावे, मग हसावे.

या सगळ्याचा माणसांशी काय संबंध, हे मला नीट कळले ते काही वर्षांपूर्वी. एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशयादीत नाव लागलेल्या मुलांना ईमेलने कळवले जाई आणि तीन दिवसांत फी भरून जागा पक्की करायची असे. मुदत संपल्यावर काही पालक आले. आम्हाला पत्रच नाही, म्हणाले. कार्यालयाने तक्ता दाखवला. प्रत्येक नावासमोर ‘सेंट’. मुलांनीच लक्ष दिले नाही, असा निष्कर्ष निघायच्या बेतात होता. मला तपासायला बोलावले तेव्हा मी तक्ता बाजूला ठेवला आणि मेल सर्व्हरची रोजनिशी मागितली. संस्थेचा मेल सर्व्हर नुकताच बदलला होता आणि एसपीएफच्या नोंदीत नव्या सर्व्हरचे नाव नव्हते. काही ईमेल कंपन्या पत्रे स्वीकारत होत्या, काही ५५० म्हणून परत करत होत्या. प्रत्येक परत आलेल्या पत्रात कारण स्पष्ट लिहिलेले होते. पण ती पत्रे ज्या पेटीत येत होती तिचे नाव होते ‘नो-रिप्लाय’, आणि ती पेटी कुणी उघडतच नव्हते. संस्थेने मुदत वाढवली, मुलांना फोन केले, जागा वाचल्या. नोंद दुरुस्त करायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

एसएमटीपी लिहिणाऱ्यांनी पत्र परत येण्याची वाट १९८२ मध्येच आखून ठेवली होती. इतकेच नव्हे, परत येणाऱ्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा ठेवावा असेही ठरवले होते, म्हणजे ते पत्र पुन्हा परतून दोन सर्व्हरमध्ये चेंडूसारखे फिरत राहणार नाही. चाळीस वर्षांत पत्रे पाठवणारी यंत्रे लाखपट बोलकी झाली. ऐकण्याची सोय तेव्हापासून तशीच आहे. आपणच तिच्यावर ‘उत्तर देऊ नये’ अशी पाटी लावली.

म्हणून माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी एकच क्रम सांगते. पत्र रांगेत पडले का ते पाहा. रांगेतून बाहेर गेले का ते पाहा. पहिल्या सर्व्हरने काय आकडा दिला ते पाहा. त्या सर्व्हरची रोजनिशी पाहा. परत आलेली पत्रे वाचा. आणि शेवटी, ज्याला पत्र मिळायला हवे होते त्याला विचारा. यांतली एकही पायरी गाळायची नाही, कारण प्रत्येक पायरीला फक्त पुढच्या पायरीपर्यंतचेच ठाऊक असते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीलाही हेच लागू आहे. तिच्यात सायबर कॅफेच्या काळातले, पहिल्या नोकरीतले, केव्हाच बंद पडलेले पत्ते आहेत. तिथून परत येणारे प्रत्येक पत्र म्हणजे संपर्क तुटलेला एक वर्गमित्र किंवा एक वर्गमैत्रीण. तेव्हा यादी सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे की परत आलेली पत्रे पुसून टाकू नका. नावे वेगळी लिहून काढा, शेजारच्या बाकावर कोण बसत असे ते आठवा आणि त्या शेजाऱ्याला फोन लावा. आणि आपल्या सर-बाईंना फक्त ईमेल पाठवून थांबू नका. घरी जाऊन निमंत्रण द्या.